देवसिंग, सुई काहून सोडली?

यवतमाळ, शनिवार, १८ नोव्हेंबर १९६७. जागा: शाळेची जीवशास्त्राची प्रयोगशाळा. वेळ: मधल्या सुट्टीनंतर.

हजर: मुख्याध्यापक. आपले सगळे शिक्षक, आणि तुझ्याशी कधी दोन शब्द न बोललेले चित्रकलेचे सरही. अकरावीचा वर्ग, बाकं कमी पडली म्हणून उभा. तुझी बायको शांता आणि मुलगी सुमन, पहिल्या रांगेत. गुलाबराव कंपाउंडर, न बोलावता आलेला, दाराशी. गैरहजर: तुझी आई.

देवसिंग, तुझ्या शोकसभेची हजेरी मी घेतली, कारण दुसरं कोणी घेणार नव्हतं. शिवाय हातात पेन असलं की मला गप्प बसता येतं. नसतं तर मी मुख्याध्यापकांना मध्येच थांबवलं असतं. ते म्हणाले, ईश्वराला गुणी माणसं लवकर हवी असतात. मग म्हणाले, क्षय हा दुर्धर रोग, त्याच्यापुढे कोणाचं काय चालतं. अकरावीची मुलं माना खाली घालून ऐकत होती. त्याच मुलांना तू त्याच फळ्यासमोर शिकवलं होतंस की क्षयाचा जंतू कशानं मरतो, आणि त्याच्या अंगात नेमक्या कुठल्या जागी मार बसला की मरतो. आता त्यांनी कोणाचं खरं मानायचं?

सभा संपली, माणसं पांगली. शांता माझ्याजवळ आली.

"बाई, एक विचारू? तुमी त्यायच्यावर रागावल्या काहून नाही?"

"कशाबद्दल?"

"सुया सोडल्या तवा."

मी विचारलं, कोणत्या सुया. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मले वाटलं तुमाले माहीत हाय. ते म्हनत होते, बाईले सांगतलं म्हनून. बाई हो म्हनल्या म्हनून."

गुलाबराव दाराशीच होता. तो पुढे आला. "मले तं सर म्हनले का आता सरकारी दवाखान्यात घेऊन राह्यलो. तिथं जवळ पडते म्हने."

सरकारी दवाखान्यात तू काय सांगितलं असशील ते मला विचारायला जावं लागलं नाही. तिथे तू गुलाबरावचं नाव सांगितलं असणार. आम्ही तिघं त्या प्रयोगशाळेत उभे होतो आणि तिघांनाही वाटत होतं की बाकीच्यांना ठाऊक आहे. एका माणसाचं औषध अर्ध्यात थांबलं, आणि त्याच्या भोवतीच्या एकाही माणसाला ते कळलं नाही. इतकी चोख व्यवस्था मलासुद्धा कधी जमली नव्हती.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि आठवडा उलटला तरी तो उतरलेला नाही. शाळेच्या वार्षिकासाठी तुझ्यावर लिहा असं मला सांगितलंय. जन्मसाल, शिक्षण, नोकरी हे सगळं कार्यालयात आहे, ज्याला हवं त्यानं तिथून घ्यावं. मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तू शिकवायचास कानानं. ही गोष्ट या वार्षिकाच्या वाचकांना माहीत असायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वह्या बंद, पुस्तकं बंद. तू मागच्या बाकाच्याही मागे जाऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहायचास आणि प्रश्न टाकायचास. मुलं उत्तरं द्यायची आणि तू त्यांच्याकडे बघायचाही नाहीस. मी पर्यवेक्षिका म्हणून पहिल्यांदा तुझा वर्ग तपासायला आले तेव्हा मला वाटलं, तू झोपला आहेस. नंतर मी विचारलं तर म्हणालास, "बाई, तोंड पाहून फसायला होते. पाठ केलेलं उत्तर सरळ चालते. समजलेलं अडखळते. ते अडखळणं ऐकायचं असते." हे तू कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकला नव्हतास. तुझे आजोबा लदेणीला, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर जायचे, आणि त्या सगळ्या वाटा, पाणवठे, उतार त्यांच्याकडून तांड्यातल्या पोरांनी ऐकून घेतले होते. पोरानं म्हणून दाखवायचं, म्हाताऱ्यानं ऐकायचं. तुझा वर्ग म्हणजे तोच तांडा होता.

आणि त्या वर्गात तू दाणा शिकवलास.

पुस्तकात या दाण्याचं नाव, 'रायबोसोम', एवढा एकच शब्द होता, तोही चित्राखाली. तू सुट्ट्यांत नागपूरला जाऊन कॉलेजच्या ग्रंथालयात बसायचास, नवी नियतकालिकं वाचायचास, आणि सोमवारी येऊन सांगायचास. पेशीच्या मधोमध केंद्रक, तिथे शरीर कसं घडवायचं ते सगळं लिहून ठेवलेलं. मूळ लिखाण जागचं हलत नाही, नक्कल बाहेर पडते. ती नक्कल म्हणजे आरएनएचा लांब धागा. त्यावर अक्षरं चारच, आणि ती तीन-तीनच्या गटानं वाचायची. बाहेर दाणे तयार असतात, इतके बारीक की आपल्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसायचं नावच नाही. दाणा दोन तुकड्यांचा. लहान तुकडा धागा धरून अक्षरं जुळवतो, मोठा तुकडा मणी ओवतो. मणी म्हणजे अमिनो आम्लं. ओवून झालेली माळ म्हणजे प्रथिन. आपलं रक्त, आपले स्नायू, खाल्लेलं पचवणारे रस, सगळ्यांत अशा माळांचंच काम.

मणी आणून कोण देतं, असं एका मुलीनं विचारलं. तू खुशीत आलास. "हमाल आणून देतात. लहान आरएनए असतात ते. ते म्हणजे आमचेच लोक, लदेणीवाले. पाठीवर एकच माल, आणि कुठं उतरवायचा ते पक्कं ठाऊक. अन् गंमत अशी का दाणा माल पाहतच नाही. तो फक्त हमालाची ओळख पाहते."

"मग हमालानं चुकीचा माल आणला तर?" मी दारातून विचारलं.

"तर चुकीचाच मणी ओवला जाईल, बाई. दाणा तुमच्यासारखा नाही. तो गोणी उघडून पाहत नाही."

वर्ग हसला. मीही हसले असेन.

पासष्टच्या स्नेहसंमेलनातलं प्रदर्शन तू आणि मी मिळून केलं. केलं म्हणजे तू बोललास आणि मी केलं. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर, त्याला चार रंगांच्या चिंध्या, तीन-तीनच्या गटानं. एक मुलगा चिंध्या मोठ्यानं वाचणार, तो दाण्याचा लहान तुकडा. मुलं छातीवर चिंध्यांच्याच खुणा लावून ओंजळीत एकेक मणी घेऊन येणार, ते हमाल. आणि मणी ओवायला तू तुझ्या आईला ढाणकीजवळच्या तांड्यावरून बोलावून घेतलंस. तू तिला याडी म्हणायचास. दोन दिवसांत सगळी शाळा तिला याडी म्हणू लागली.

आपलं पहिलं भांडण दोरावरून झालं. माझं म्हणणं, याडीनं एका जागी बसावं आणि मुलांनी दोर तिच्यापुढून ओढत न्यावा. म्हातारं माणूस आहे, खुर्ची द्यावी. तुझं म्हणणं, दोर बांधलेला राहावा आणि याडीनं दोराकाठानं चालावं. का, तर एका धाग्यावर एकामागून एक असे बरेच दाणे चालत असतात, आणि प्रत्येक दाणा आपली वेगळी माळ गुंफत असतो. एक बसला तर मागचे सगळे अडतील. "रस्त्यात बैल बसला तर मागच्यानं काय करायचं, बाई?" मी म्हटलं, तुझी आई बैल नाही. याडी मध्येच म्हणाली, "तुमचं भांडन होऊन जाऊ द्या. मी तवरिक सुईत दोरा घालतो." आणि ती चालली. संबंध दोर चालली, तिच्यामागे तिच्याबरोबर आलेल्या तिच्या दोन जावा चालल्या, आणि तिघींच्या हातात तिन्ही माळा सारख्या निघाल्या.

सारख्या, पण चुकीच्या. प्रत्येक माळेचा पहिला मणी काळा होता. आपल्या चिंध्यांत काळ्याला जागाच नव्हती. मी याडीला म्हटलं, हा काढा. ती म्हणाली, "पहिला मनी काळाच राह्यते बाई. नाई तं ते माळ कोनाच्या गळ्यात घालू?" मी तुझ्याकडे बघितलं. तू पोट धरून हसत होतास. जंतूंवरचं नुकतंच काही वाचून आला होतास, की त्यांच्यातली प्रत्येक माळ एका ठरलेल्या मण्यानंच सुरू होते आणि पुष्कळदा माळ झाल्यावर तो काढूनही टाकला जातो.

"हा योगायोग आहे," मी म्हटलं.

"योगायोगच हाय. पण राहू द्या. पोरं मरेपर्यंत विसरणार नाहीत."

काळा मणी राहिला. उद्घाटनाला नागपूरहून आलेल्या पाहुण्यांना कोणीतरी ही गंमत सांगितली आणि ते भाषणात घसरले. म्हणाले, पाश्चात्त्यांना आज सापडलेलं ज्ञान आपल्या अडाणी मातांच्या बोटांत हजारो वर्षांपासून आहे. टाळ्या झाल्या. तू आभार मानायला उठलास. तुझा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला की तू कोणाला सोडत नव्हतास. "साहेब, माझ्या आईनं नजर लागू नये म्हणून मणी ओवला. दाणा पहिला मणी तोच काहून निवडते ते अजून कोणाले नीट समजलेलं नाही. या दोन गोष्टी एक नाहीत. त्या एक नाहीत हे पोरांना शिकवायसाठीच ही शाळा आहे." पाहुणे चहाला थांबले नाहीत. मुख्याध्यापक तुझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मी त्या दिवशी तुला काही म्हटलं नाही. आज म्हणते. या शाळेत मी इतकी वर्षं काढली, पण त्याहून नेमकं वाक्य त्या व्यासपीठावर मी ऐकलं नाही.

मग हे सगळं मराठीत लिहून काढायचं ठरलं. छोटं पुस्तक, शाळेतल्या मुलांसाठी. मी प्रकरणं पाडून दिली, तू लिहीत गेलास, आणि शेवटच्या प्रकरणावर अडलास. दाणा आला कुठून?

हे भांडण आपलं संपलंच नाही. तुझी मांडणी सोपी होती. कापसाच्या बोंडात दाणा आहे, बैलाच्या पोटात आहे, बैलाच्या पोटातल्या जंतूत आहे, तुझ्या-माझ्यात आहे. जंतूचा थोडा लहान, आपला थोडा मोठा, पण बांधणी एकाच घरातली. म्हणजे कापूस, बैल आणि माणूस वेगळे व्हायच्या पुष्कळ आधीपासून दाणा आहे. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पुढे पेच होता. दाणा बनतो आरएनए आणि प्रथिनं यांचा. आणि प्रथिनं बनवतो दाणा. मग पहिल्या दाण्याला प्रथिनं कोणी दिली?

तू म्हणायचास, कोणीच नाही. "पहिला दाणा नुसत्या आरएनएचाच असल, बाई. वेडावाकडा. धड वाचता न येणारा. दहा वेळा चुकायचा, अकराव्या वेळेस कामाचं काही निघायचं. पण जगात दुसरं कोणीच ते काम करत नव्हतं, तर तेवढंही पुरलं. मागून त्यानंच बनवलेली प्रथिनं त्याले टेकू म्हणून चिकटली अन् तो सुधारत गेला."

"पुरावा?"

"नाही."

"मग लिहू नकोस."

"मग मी प्रश्न लिहितो. प्रश्नाले तर पुरावा लागत नाही ना?"

मी म्हणायची, मुलांचं पुस्तक प्रश्नावर संपवता येत नाही. तू म्हणायचास, मुलांचंच येतं, मोठ्यांचं येत नाही. ते प्रकरण तसंच राहिलं. तुझ्याइतका हट्टी माणूस मी बघितला नाही, आणि मी माझ्या वडिलांना बघितलं आहे. आता मला वाटतं, तुझं बरोबर होतं. प्रश्नावरच संपवायला हवं होतं. पण हे तुझ्यासमोर कबूल करायची संधी तू ठेवली नाहीस, म्हणून त्याचाही राग आहे.

गेल्या वर्षी तुझ्या छातीचा फोटो काढला आणि डाग निघाला. मी घाबरले नाही. हे काम माझं होतं. गोळ्या घरी, स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज सकाळी शाळेच्या आधी गुलाबरावकडे, दूध, अंडी, दुपारी आडवं पडायला प्रयोगशाळेची आतली खोली. वेळापत्रक मीच लिहिलं आणि तुझ्या घरी भिंतीला चिकटवलं. तू ते वाचून म्हणालास, "बाई, यात मरायची वेळ कोणती लिहिली हाय?" शांतानं तुला पाठीत धपाटा घातला होता.

पहिल्या सुईच्या वेळी मी बरोबर होते. गुलाबराव सुई उकळत होता आणि तू त्याला शिकवायला सुरुवात केलीस, जसा काही तोच रोगी आहे. "गुलाबराव, हे औषध जंतूच्या दाण्यावर जाऊन बसते. दाण्याचा गळा दाबत नाही. डोळे फिरवते. दाणा अक्षरं चुकीची वाचू लागते, भलतेच मणी ओवते, अन् अशा माळांवर जंतू जगत नाही."

"अन् तुमचा दाना?" गुलाबरावनं विचारलं.

"माझा वेगळा हाय ना. त्याले हे औषध ओळखत नाही. मागं कधीतरी आमची वाट वेगळी झाली म्हणून मी वाचून राह्यलो."

'वाचून राह्यलो' म्हणालास. मी तिथेच स्टुलावर बसले होते.

त्याच महिन्यात तू दहावीला, म्हणजे आजच्या अकरावीला, तो तास घेतलास. मी मागे बसून ऐकला. करोडो जंतूंत थोडे असे असतात, ज्यांच्या दाण्याची घडण एखाद्या जागी किंचित वेगळी असते. औषधाला तिथे धरता येत नाही. औषध पुरतं घेतलं, जोडीला दुसरं औषध घेतलं, तर तेही संपतात. अर्धवट सोडलं तर बाकीचे मरतात, ते थोडे उरतात, आणि मग त्यांचीच प्रजा. "म्हणजे आपणच त्यायची निवड करून देतो. उत्क्रांती लाखो वर्षांपूर्वी झाली असं समजू नका. ती माणसाच्या छातीत एका पावसाळ्यात होते." तो तास मी शब्दाशब्दानं आठवू शकते, आणि म्हणून शांतानं जे सांगितलं ते मला गिळता येत नाही. अडाणी माणसानं सुई सोडली असती तर मी समजावून सांगितलं असतं. तुला काय समजावून सांगणार होते?

का सोडलीस ते शांताकडूनच कळलं. तुझ्या कानात रातकिडे बोलायला लागले. आधी रात्रीचे, मग दिवसभर. चालताना तोल जायला लागला. या औषधाचा हा दोष आहे, तुला ते माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. मला एवढंच दिसलं की तू सायकल सोडून पायी यायला लागलास, आणि वर्गात मागे उभा राहायचास तो पुढे, मुलांच्या तोंडाशी येऊन उभा राहायला लागलास. एका मुलीला तू तिसऱ्यांदा "काय?" विचारलंस तेव्हा मला वाटलं, थकला आहेस. मग काही आठवड्यांनी तू पुन्हा सायकलवर आलास. मी तुझ्या घरी येऊन शांताला म्हटलं, बघ, औषध लागू पडलं. तिनं नुसती मान हलवली. तिला वाटलं, मी मुद्दाम तुझ्या मनासारखं बोलते आहे.

तू सायकलवर आलास, कारण सुई बंद केली होतीस. सकाळी मला दिसावं म्हणून घरून वेळेवर निघायचास आणि बसस्टँडसमोर चहा पीत बसायचास. गोळ्या चालू होत्या, तेवढ्यानं भागेल असं तू स्वतःला सांगितलं असशील. तुला ठाऊक होतं, भागत नाही.

कानाशिवाय तुला शिकवता येणार नाही, असं तुला वाटलं. ठीक. पण विचारायचं होतंस. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मात्रा कमी केली असती, दुसरं काही दिलं असतं. नसतं जमलं, पुरता बहिरा झाला असतास, तरी मी व्यवस्था केली असती. उत्तरं फळ्यावर लिहून घेता आली असती. पहिल्या बाकावर एक हुशार मुलगी बसवून तिच्याकडून चिठ्ठ्या घेतल्या असत्या. चार महिने तुझा वर्ग हास्यास्पद झाला असता, मग मुलांना सवय झाली असती. तू मला हे करू दिलं नाहीस. पहिल्या दाण्यानं वेडंवाकडं वाचलं, चुकत चुकत काम रेटलं, त्याचं तुला केवढं कौतुक. तीच सवलत स्वतःला द्यायची वेळ आली तेव्हा तुला चुकीचं ऐकणारा मास्तर व्हायची लाज वाटली.

आणि एवढ्यावरही मी तुला माफ केलं असतं. कान जायची भीती माणसाची आहे. पण पावसाळ्यात ताप परत आला, तुला सरकारी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, "मागचा कोर्स पुरा झाला होता ना?" तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "हो, झाला. बाईंना विचारा." आणि मी हो म्हटलं. मोठ्या विश्वासानं हो म्हटलं. डॉक्टरांनी तीच सुई पुन्हा सुरू केली. ती लागू पडेना. ते बुचकळ्यात पडले, मात्रा बघितली, बाटल्या बदलल्या. त्या सगळ्या दिवसांत एकटा तू जाणत होतास की ती काहून लागू पडत नाही. तुझ्या छातीत तुझाच तास चालू होता आणि तू खाटेवर पडून गप्प ऐकत होतास.

हे मला कळत नाही, देवसिंग. मी तुझ्या बाजूनं विचार करून बघितला. लाज वाटली असेल. माझी भीती वाटली असेल, तशी ती पुष्कळांना वाटते. शांताला दोष लागेल असं वाटलं असेल. कुठलंही कारण पुरत नाही. भर व्यासपीठावर एका मण्याबद्दलची लबाडी तू खपवून घेतली नाहीस, आणि इथे डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोललास.

मुख्याध्यापकांना मी हा मजकूर दाखवला. त्यांचं म्हणणं, औषध सोडल्याचा भाग गाळावा, मेलेल्या माणसाची अब्रू राखावी. मी म्हटलं, या गावात खोकणारी माणसं पुष्कळ आहेत आणि निम्मी बरं वाटलं की औषध सोडतात. त्यांच्यापैकी एकानं जरी हे वाचलं तरी अब्रू खर्ची पडली तर पडू दे. ते म्हणाले, घरच्यांना विचारा. शांताला विचारलं. ती भांडी घासत होती. "लिहा बाई. लपवून त्यायनं काय मिळवलं?" मग हातातलं ताट विसळून म्हणाली, "पन एवढं बी लिहा का ते शिकवत चांगले होते." लिहिलं आहे.

डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी जाऊन खरं सांगितलं. त्यांनी तुझा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, घरात हा जंतू कोणाला लागला असेल तर तो साधा नसेल, त्याला ही सुई चालायची नाही, वेगळी औषधं द्यावी लागतील, आणि ती वेळेवर सुरू व्हायला हवीत. घरातल्या सगळ्यांना तपासा. शांता आणि सुमन यांचे छातीचे फोटो काढले. दोघी स्वच्छ आहेत. राहिली याडी. शेवटचे दोन महिने तुझ्या खाटेशी तीच बसून होती. तुझं थुंकीचं भांडंही तीच उचलायची. तुझे दिवस झाल्याबरोबर ती तांड्यावर निघून गेली, शोकसभेलाही आली नाही.

रविवारी मी एसटीनं ढाणकीला गेले आणि तिथून तांड्यावर. याडीनं खाट टाकली, पाणी दिलं. मी पिशवीतून डबी काढली आणि सांगितलं, सकाळी उठल्यावर पहिला बेडका हिच्यात धरायचा, मी घेऊन जाईन.

"कायले?"

"देवसिंगचा आजार तुम्हाला लागला आहे का ते बघायचं आहे."

"माह्या पोराले आजारानं नाई नेलं, बाई. सुईनं नेलं. पह्यले त्याचे कान नेले. मंग पाय नेले. मंग त्याले नेलं."

मी तिला सगळं सांगितलं. जंतू, दाणा, औषध, अर्ध्यात सोडलं की काय होतं, तुम्हाला ती सुई द्यायचीच नाही, दुसरं औषध आहे. जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही.

"तुमी अगदी त्याच्यावानी सांगता," ती म्हणाली.

"मग पटलं ना?"

"तोबी असंच सांगे. गुलाबरावले सांगे, शांतीले सांगे, मले सांगे. अन् त्यानंच सोडली. मंग मी कोनाचं ऐकू?"

या लेखात मी तुला जे जे बोलले ते सगळं या एका प्रश्नामुळे, हे तुला आतापर्यंत समजलं असेल. तुझ्या आईला आता औषधावर विश्वास ठेवायला कोणी सांगायचं? तिनं ज्याचं ऐकलं असतं असा एकच माणूस होता.

ती मला सडकेपर्यंत पोचवायला आली. वाटेत दोनदा थांबली आणि ओढणीचा पदर तोंडाशी धरून खोकली. मी विचारलं, कधीपासून आहे. म्हणाली, थंडीचं आहे. बस आली.

डबी मी तिच्या खाटेवर ठेवून आले आहे. येत्या रविवारी सकाळच्या बसनं पुन्हा जायचं आहे, आणि ती नाही म्हणाली तर त्याच्या पुढच्या रविवारी. शांताची तपासणी झाली. सुमनची झाली. याडीची राहिली आहे.